दगडफुलांनी मोजलेली वर्षं

गोडा मसाला करायला घेतला की धणे, तीळ, खोबरं, नागकेशर, मसाला वेलची यांच्या जोडीला एक कागदासारखी हलकी, काळपट-करडी वस्तू आपण ताटात काढून ठेवतो. दगडफूल. कच्चं असताना त्याचा वास फारसा जाणवत नाही, पण तेलात परतलं की घरभर घमघमाट सुटतो. वाण्याच्या पुडीतून आलेलं हे दगडफूल म्हणजे नेमकं काय, याचा विचार आपण सहसा करत नाही. ते फूल नाही, पान नाही आणि झाडाची सालही नाही. बुरशी आणि शेवाळ या दोघांनी मिळून थाटलेला तो एक संसार आहे. शेवाळ उन्हातून अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओलावा देते. एकेकट्याने जिथं जगता आलं नसतं, त्या उघड्या कातळावर दोघं मिळून वर्षानुवर्षं तग धरतात.

याच दगडफुलाची एक चुलत बहीण हिमालयात, आल्प्समध्ये आणि जगातल्या इतर थंड डोंगरांवर राहते. ती मसाल्यात पडत नाही. दगडाला इतकी घट्ट चिकटलेली असते की नखाने खरवडूनही निघत नाही. रंग पिवळट-हिरवा आणि मध्ये काळ्या रेघा, जणू भिंतीवरचा नकाशाच. म्हणून तिला नकाशा दगडफूल म्हणायला हरकत नाही. तिची वाढ फार संथ. वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा नाही. पण या संथपणामुळेच ती एक मोठं काम करते. हिमालयातल्या हिमनद्या कधी खाली उतरल्या, कधी मागे सरल्या, याचा हिशेब ती ठेवते.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आपल्या गावात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि या हिमालयातल्या बर्फाच्या गोष्टी काय सांगताहेत! पण आपल्यातल्या किती तरी जणी चारधाम करून आल्या आहेत, कितीजणींनी त्यासाठी पैसे साठवायला सुरुवात केली आहे. सासू-सासऱ्यांना, आई-वडिलांना आपण तिथं पाठवतो. ती जमीन कशी तयार झाली आणि ती किती भरवशाची आहे, हे माहीत असणं आपल्याही गरजेचं आहे.

केर लोटावा तशी

हिमनदी म्हणजे गोठून थांबलेली नदी नव्हे. वर्षानुवर्षं पडलेला बर्फ दाबला जातो, घट्ट होतो आणि स्वतःच्याच भाराने हळूहळू उताराकडे सरकू लागतो. सरकताना डोंगराची कड खरवडतो, दगडगोटे, माती, वाळू सगळं उचलून पुढे ढकलतो. आपण अंगण झाडताना केर लोटत नेतो आणि मध्येच कुणी हाक मारली की केरसुणी टाकून आत जातो. केराची रेघ तिथंच राहते. हिमनदीचंही तसंच. ती जिथवर आली तिथं दगडमातीचा बांध राहतो आणि ती मागे सरली तरी बांध जागेवरच असतो. शाळेच्या भूगोलात आपण त्याला 'हिमोढ' असं नाव वाचलेलं आहे. समोरच्या टोकाला राहतो तो अंत्य हिमोढ आणि दोन्ही बाजूंना राहतात ते पार्श्व हिमोढ. परीक्षेपुरते पाठ केलेले हे शब्द पुढे इतके कामाचे ठरतील, असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?

बांध दिसला की हिमनदी कुठवर आली होती हे कळतं. ती कधी आली होती, हे मात्र नुसत्या बांधाकडे बघून कळत नाही. केराच्या रेघेवर तारीख थोडीच लिहिलेली असते! ती तारीख शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या युक्त्या काढल्या आणि त्यातली एक ही दगडफुलाची.

दगडावरचं संथ घड्याळ

हिमनदी मागे सरते तेव्हा तिच्याखालचे दगड उघडे पडतात. घासून-खरडून निघालेले, अगदी कोरे करकरीत. बांध जरा स्थिरावला की काही वर्षांनी त्यावर दगडफुलाचा पहिला ठिपका उगवतो आणि चकतीसारखा पसरत जातो. म्हणजे एखाद्या बांधावरची सगळ्यात मोठी चकती मोजली आणि ती वर्षाला किती वाढते हे ठाऊक असलं, तर बांधाचं वय काढता येतं. ऑस्ट्रियातले वनस्पतिशास्त्रज्ञ रोलंड बेशेल यांनी १९५० मध्ये आल्प्स पर्वतात ही पद्धत मांडली.

वाढीचा वेग ठरवायचा कसा? ज्या दगडाचं वय आधीच माहीत आहे, त्याच्याकडे जायचं. जुन्या थडग्यांवर मृत्यूचं साल कोरलेलं असतं, पुलावर किंवा इमारतीवर बांधकामाचं साल असतं. त्यांच्यावर किती मोठं दगडफूल वाढलं आहे ते मोजायचं आणि त्यावरून प्रमाण बसवायचं. मुलाची उंची दाराच्या चौकटीवर दरवर्षी खूण करून ठेवावी, तशातलाच हा प्रकार.

अर्थात या घड्याळाच्या मर्यादाही आहेत. पाऊस, ऊन, दगडाचा प्रकार यांप्रमाणे वाढ कमी-जास्त होते. एका दरीतलं प्रमाण दुसऱ्या दरीला जसंच्या तसं लावता येत नाही. काही शतकांपर्यंत हे घड्याळ बरं चालतं, त्यापलीकडे चकत्या एकमेकींत मिसळतात, झडतात आणि हिशेब चुकू लागतो.

केदारनाथच्या वर चोराबारी नावाची हिमनदी आहे. मंदाकिनी तिथूनच निघते. भूवैज्ञानिक आर. के. चौजर यांनी तिथल्या बांधांवरची हीच पिवळट दगडफुलं मोजली आणि २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना हिमनदीच्या पुढे येण्याच्या आणि मागे जाण्याच्या चार पायऱ्या दिसल्या. ती सगळ्यात पुढे आली होती तिथून मागे सरायला तिने सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्याला सुरुवात केली, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती.

२०१३ नंतर टीव्हीवर आणि मोबाईलवर 'केदारनाथचं देऊळ चारशे वर्षं बर्फाखाली गाडलेलं होतं' ही गोष्ट फार फिरली. आमच्या महिला मंडळात यात्रेचा विषय निघाला की कुणी ना कुणी ती सांगतंच. ऐकायला ती छान वाटते, पण तिच्याबाबत जरा जपून बोलायला हवं. दगडफूल बांधाचं वय सांगतं, देवळावर बर्फ होता की नाही हे सांगत नाही. हिमनदी तेव्हा आजच्यापेक्षा बरीच खाली आली होती, एवढं दगडफुलांच्या साक्षीवरून म्हणता येतं. तेवढंही काही कमी नाही.

वाळूचा गल्ला, दगडाचं रापणं

हजारो वर्षं मागे जायचं तर दगडफूल पुरत नाही. तिथं वाळू आणि दगड यांनाच बोलतं करावं लागतं.

वाळूच्या कणाला ऊन लागलं की त्याच्यात साठलेली ऊर्जा रिकामी होते. मग तो कण मातीखाली दबला की आजूबाजूच्या मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे त्याच्यात पुन्हा थेंब थेंब ऊर्जा साठू लागते. मुलांचा मातीचा गल्ला असतो ना, तसं. गल्ला रिकामा केला आणि त्यानंतर रोज एक नाणं पडत गेलं, तर नाणी मोजून दिवस सांगता येतात. म्हणून शास्त्रज्ञ ही वाळू उजेड न लागू देता बंद नळीतून काढतात आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्यात तपासतात. चुकून ऊन लागलं तर गल्ला फुटलाच.

दुसरी युक्ती मोठ्या शिळांची. अवकाशातून सतत सूक्ष्म किरण पृथ्वीवर येत असतात. उघड्या शिळेवर ते आदळले की तिच्यातल्या गारगोटीत बेरिलियम-१० नावाचं द्रव्य अगदी नगण्य प्रमाणात तयार होतं. शेतात राबणाऱ्या बाईचा हात उन्हाने रापतो, तशी शिळा रापते. किती रापली यावरून ती बर्फातून बाहेर पडून किती वर्षं उघड्यावर आहे, हे काढतात. आणि बांधात एखादं जुनं लाकूड दबलेलं सापडलं, तर त्यातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत आपण ऐकलेलीच आहे.

वाळूच्या आणि शिळांच्या या युक्त्या वापरून गंगोत्रीच्या दरीचा इतिहास उलगडत गेला. आज गोमुख गंगोत्रीच्या देवळापासून साधारण १८ किलोमीटर वर आहे. पण साठेक हजार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या थंडीच्या काळात हाच बर्फ गोमुखाच्या खाली सुमारे ४० किलोमीटर, हर्सिलच्या पुढच्या झाला गावापर्यंत पसरला होता. म्हणजे आज जिथं गंगोत्रीचं देऊळ आहे, ती जागा तेव्हा जाड बर्फाच्या पोटात होती. पुढे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी एक छोटी वाढ झाली आणि शेवटची दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी. त्या शेवटच्या वाढीला भोजबासाचं नाव मिळालं आहे. गोमुखाच्या वाटेवर यात्रेकरू मुक्काम करतात तेच हे भोजबासा.

भोजबासा हे नाव भोजपत्राच्या झाडांवरून पडलं. पुढे तिथली झाडं सरपणासाठी तुटत गेली. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९८९ पासून 'सेव्ह गंगोत्री' या उपक्रमातून तिथं पुन्हा भोजपत्राची लागवड केली. १९८१ मध्ये नंदादेवीचं शिखर सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या एक. २०२१ मध्ये त्या भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. उजाड झालेल्या बांधांवर झाडं जगवणं किती कठीण आहे, हे त्यांच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल.

हिमनदीला घातलेलं साकडं

चोराबारी आणि भोजबासा इथल्या शेवटच्या वाढीचा काळ जवळपास जुळतो, आणि हे एकट्या हिमालयात घडलं नाही. साधारण चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत जगाच्या बऱ्याच भागांत थंडी वाढली होती. त्या काळाला 'छोटं हिमयुग' म्हणतात. युरोपात तर तेव्हाच्या लेखी नोंदीच आहेत. फ्रान्समधल्या शामोनी इथं हिमनद्या शेतं आणि घरं गिळू लागल्या, तेव्हा १६४४ मध्ये तिथले बिशप गावकऱ्यांची मिरवणूक घेऊन हिमनदीपाशी गेले आणि प्रार्थना केली. स्वित्झर्लंडमधल्या फिश गावच्या लोकांनी १६७८ मध्ये नवस केला की आम्ही सदाचाराने वागू, पण हा बर्फ आवर. पाऊस पडावा म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढची गोष्ट मात्र विचार करायला लावते. बर्फ आवर म्हणणाऱ्या त्याच गावावर साडेतीनशे वर्षांच्या आत उलट प्रार्थना करायची पाळी आली. हिमनदी झपाट्याने आटू लागली, तेव्हा २०१० च्या सुमारास पोपची परवानगी घेऊन गावाने आपली प्रार्थना बदलली. आता तिथले लोक बर्फ टिकू दे म्हणून देवाला विनवतात.

पूर्वीही झालं, मग आता काय नवल?

हे सगळं वाचल्यावर एखादी म्हणेल, हिमनद्या पूर्वीही पुढे-मागे होत होत्या, मग आताच एवढी ओरड का? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर या तारखांमध्येच आहे. पूर्वीचे बदल शतकांमध्ये, हजारो वर्षांमध्ये होत. गोमुखाचा नकाशा १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जे. बी. ऑडन यांनी तयार केला. तेव्हापासून १९९६ पर्यंत गोमुख एक किलोमीटरहून जास्त मागे गेलं, म्हणजे वर्षाला सरासरी १९-२० मीटर. एका बाईच्या आयुष्यात एक किलोमीटर!

नीट तारखा काढणं किती महत्त्वाचं असतं, याचा धडा शास्त्रज्ञांनाही मिळालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असं छापलं गेलं. त्याला पुरेसा आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये समितीला ही चूक मान्य करावी लागली. म्हणून संकटच नाही, असं मात्र नव्हे. काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातला बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने गेला. उगीच घाबरवणाऱ्या बातम्या नकोत आणि 'काही होत नाही' असा खोटा दिलासाही नको.

जुन्या ढिगाऱ्यावरची घरं

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे जुने बांध नुसते अभ्यासापुरते नाहीत, माणसं त्यांच्यावर आणि त्यांच्याखाली राहतात. केदारनाथची वस्ती हिमनदीने आणि तिच्या पाण्याने आणून टाकलेल्या दगडमातीवरच वसलेली आहे. तिच्या साधारण दोन किलोमीटर वर चोराबारी ताल होता. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थी तिथं विसर्जित केल्या, म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. त्या तळ्याला आधार होता तो हिमनदीच्या पार्श्व हिमोढाचा. सुटे दगडगोटे आणि माती यांचा नैसर्गिक बांध, त्याला ना चुना ना सिमेंट. १५-१६ जून २०१३ ला चोवीस तासांत तिथं ३२५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १७ जूनच्या सकाळी तो बांध फुटला. मागून वाहत आलेली मोठी शिळा देवळापाठी अडकली आणि देऊळ वाचलं. पण त्या आपत्तीत उत्तराखंडात चार हजारांवर माणसं गेली. आपल्या महाराष्ट्रातल्याही कितीतरी घरांत त्या दिवसांतल्या फोनची वाट पाहणं अजून कुणी विसरलेलं नाही.

जोशीमठचंही तसंच. हे गाव मूळ खडकावर नाही, जुन्या दरडीच्या वाळू-दगडांवर वसलं आहे, इथं मोठी बांधकामं नकोत, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले आणि बायकांना चुलीवरची भांडी उचलून घराबाहेर पडावं लागलं.

रैणी गाव आठवतं? २६ मार्च १९७४ ला गौरादेवी आणि त्यांच्या सख्यांनी इथंच झाडांना मिठी मारून जंगल वाचवलं होतं. ७ फेब्रुवारी २०२१ ला वरच्या रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला, ऋषिगंगेला लोंढा आला आणि दोनशेहून जास्त माणसं मरण पावली किंवा बेपत्ता झाली. त्याच वर्षी रस्ता खचल्यामुळे गौरादेवींचा पुतळासुद्धा गावातून हलवावा लागला.

आणि ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवरचं धराली. खीरगंगेच्या गाळाने बाजारपेठ गाडली गेली. महाराष्ट्रातले कित्येक यात्रेकरू तेव्हा त्या भागात अडकले होते. धराली वसलं होतं तेच या ओढ्याने पूर्वी आणून पसरलेल्या गाळावर. तिथलं कल्प केदार हे प्राचीन देऊळ जुन्या गाळात बरंचसं बुडालेलं होतं आणि खोदून मोकळं केलेलं होतं. म्हणजे ओढा पूर्वी इथवर आला होता, याची साक्ष गावाच्या मधोमध उभी होती. या वेळी ते देऊळ पुन्हा गाडलं गेलं.

आपण काय करायचं?

सांगली-कोल्हापूरकडे जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ आणि साल लिहून ठेवतात. नव्याने राहायला आलेला माणूस ती रेघ बघून सामान कुठं ठेवायचं ते ठरवतो. हिमनदीचे बांध म्हणजे डोंगराने ओढलेल्या तशाच रेघा आहेत आणि दगडफूल, वाळू, शिळा यांवरून शास्त्रज्ञ त्यांच्यासमोर साल लिहितात. ते वाचून घर, हॉटेल, रस्ता कुठं बांधायचा आणि कुठं नाही हे ठरवणं सरकारचं काम आहे. पण ते विचारणं आपलंही काम आहे.

यात्रेला जाताना पावसाळ्याचे दिवस टाळा. मुक्काम ठरवताना प्रवासी कंपनीला सरळ विचारा की हॉटेल नदीपासून किती लांब आहे, किती उंचावर आहे. नदीकाठची स्वस्त खोली परवडणारी नसते. सरकारी नोंदणी केल्याशिवाय जाऊ नका. तिचा कंटाळा येतो, पण संकटात आपला पत्ता लागतो तो तिच्यामुळेच. आणि वाटेतल्या शिळांवर नावं कोरू नका, रंगाने 'जय भोले' लिहू नका, पिवळट डाग दिसले तर मुलांना ते खरवडू देऊ नका. कुणाला तो नुसता डाग वाटेल, पण तो दोनशे वर्षांचा हिशेब असू शकतो.

आपल्या सह्याद्रीत हिमनद्या नाहीत. पण २०१४ ला माळीण आणि २०२३ ला इर्शाळवाडी आपण पाहिली. गावात नवी घरकुलं बांधायची ठरली की ग्रामसभेत बायकांनी एवढं तरी विचारावं की ही जागा मूळ खडकाची आहे की वरून आलेल्या मातीची? इथं पूर्वी दरड आली होती का, ओढा फिरला होता का? गावातल्या म्हाताऱ्या आजींना बोलवून विचारा. त्यांना सालं आठवत नसतील, पण 'धाकट्याच्या बारशाच्या वर्षी पाणी इथवर आलं होतं' हे त्या नक्की सांगतील. ते लिहून ठेवा आणि घरकुलाच्या अर्जाबरोबर ग्रामसेवकाच्या हातात द्या.